शिकागोच्या डोक्यावरचं क्विन्सी स्टेशन

शिकागोच्या मध्यवर्ती व्यापारी भागात वेल्स स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. खाली मोटारी धावतात, फुटपाथवर माणसं चालतात आणि त्यांच्या डोक्यावरून, साधारण दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, पोलादी खांबांनी पेललेल्या रुळांवरून शहराची ट्रेन जाते. या रुळांवरचं क्विन्सी हे स्टेशन ३ ऑक्टोबर १८९७ रोजी उघडलं. आजही ते त्याच जागी त्याच कामाला जुंपलेलं आहे, आणि या भागातल्या उन्नत स्टेशनांपैकी मूळ रूप सर्वांत जास्त त्यानेच टिकवलं आहे.

पाहणाऱ्याचं लक्ष आधी नक्षीकडे, जुन्या घाटाच्या दिव्यांकडे, लाकडी फलाटाकडे जातं. जाणारच. पण मला विचाराल तर खरी गंमत खालच्या खांबांत आहे. भर रस्त्यात हे खांब रोवायला परवानगी कोणी दिली? जमिनीखाली स्टेशन बांधायचं तर माती, पाणी आणि पैसा आडवे येतात. रस्त्याच्या वर बांधायचं तर दोन्ही बाजूंचे घरमालक आणि दुकानदार आडवे येतात. त्यांचा उजेड जातो, शांतता जाते, आणि त्या काळी तर खिडकीशी इंजिनाचा धूरही यायचा. क्विन्सी व्यापारी भागाला वेढणाऱ्या रुळांच्या ज्या वळशावर उभं आहे, तो वळसा या भांडणातूनच जन्माला आला.

सह्यांचा खेळ

न्यूयॉर्कमध्ये १८६८ पासून रस्त्यावर खांब रोवून रेल्वे चालवण्याचे प्रयोग सुरू होते. शिकागोतल्या भांडवलदारांनाही तेच हवं होतं. शहर झपाट्याने वाढत होतं आणि मध्यवस्तीतले रस्ते घोडागाड्यांनी आणि ट्रामनी तुंबून जात होते. पण १८८३ मध्ये इलिनॉय राज्याने एक कायदा करून मेख मारली. एखाद्या रस्त्यावर उन्नत रेल्वे बांधायची असेल, तर त्या रस्त्यालगतच्या मिळकतींची रस्त्याकडची जेवढी लांबी भरेल, तिच्या निम्म्याहून अधिक लांबीच्या मालकांची संमती आणायची. आणि हा हिशेब दर मैलामागे करायचा.

इथे डोकी मोजली जात नाहीत, फूट मोजले जातात, हे लक्षात घेतलं पाहिजे. ज्याच्या दुकानाची दर्शनी बाजू १०० फूट, त्याची सही २० फूटवाल्याच्या पाचपट भारी. म्हणजे मोजके मोठे मालक अडून बसले की सगळी योजना अडली. सहीला भाव येणार हे उघडच होतं.

पहिल्या कंपनीने या कटकटीतून सरळ पळवाट काढली. दक्षिण भागातली ही रेल्वे ६ जून १८९२ रोजी सुरू झाली, आणि तिने आपला मार्ग बराचसा रस्त्यांवर नेलाच नाही. घरांच्या मागच्या गल्ल्यांवरून नेला. गल्लीला दर्शनी बाजू नसते, मग संमती मागायची कोणाकडे? लोकांनी तिचं नावच ‘गल्लीतली एल’ पाडलं. एलेव्हेटेडचं आद्याक्षर म्हणून शिकागोत या रेल्वेला आजही ‘एल’ म्हणतात. पुढच्या वर्षी जॅक्सन पार्कमध्ये भरलेल्या जागतिक प्रदर्शनापर्यंत तिचे रूळ जाऊन पोहोचले. १८९३ मध्येच लेक स्ट्रीटवरची दुसरी कंपनी चालू झाली, आणि १८९५ मध्ये पश्चिम भागातली तिसरी. ही तिसरी सुरुवातीपासून विजेवर चालणारी होती.

अडचण अशी की या कंपन्यांचे मार्ग एकमेकांना जोडलेले नव्हते. प्रत्येकीचं शेवटचं स्टेशन वेगळं. एकीतून उतरायचं आणि दुसरी गाठायला चालत निघायचं. व्यापारी भागाला गुंडाळून जाणारा एक सामाईक वळसा हवा होता, आणि नेमके तिथलेच मालक सर्वांत श्रीमंत, सर्वांत हट्टी.

इथे चार्ल्स टायसन यर्कीस या गृहस्थाचा प्रवेश होतो. फिलाडेल्फियात सार्वजनिक पैशाच्या अफरातफरीबद्दल तुरुंगात जाऊन आलेला आणि शिकागोत येऊन ट्राम कंपन्यांवर पकड बसवलेला हा माणूस. सचोटीसाठी कोणी त्याचं नाव घेणार नाही. पण कायद्यातल्या फटी त्याला दिसायच्या. वळशाच्या चार बाजूंसाठी एकच कंपनी काढून एकच परवानगी मागण्याऐवजी त्याने कामाचे तुकडे केले. लेक स्ट्रीटची बाजू एका कंपनीच्या नावाने, वेल्सची दुसऱ्या, वॉबॅशची तिसऱ्या. म्हणजे एका रस्त्यावरचा विरोध दुसऱ्या रस्त्याला चिकटायला नको.

चौथी बाजू, व्हॅन ब्युरेन स्ट्रीट, सर्वांत चिवट निघाली. वळशात येणारा तिचा तुकडा अर्ध्या मैलाहूनही छोटा, आणि तेवढ्यात बहुमत मिळेना. मग यर्कीसने अर्ज केला तो वॉबॅशपासून नदीपलीकडच्या हॉलस्टेड स्ट्रीटपर्यंतच्या लांब मार्गाचा. पश्चिमेकडच्या मालकांना रेल्वे हवीच होती, कारण तिने त्यांच्या जागांचे भाव वाढणार होते. त्यांनी भराभर सह्या दिल्या, गोळाबेरीज निम्म्यावर गेली आणि परवानगी मिळाली. प्रत्यक्षात बांधला गेला तो फक्त पूर्वेकडचा, म्हणजे वळशाला हवा असलेला तुकडा. ज्यांच्या सह्यांवर काम झालं, त्यांच्या दारात रेल्वे आलीच नाही. लबाडी म्हणा किंवा हुशारी, पण ही करामत नसती तर वळसा तीन बाजूंवरच अडकला असता.

ऑक्टोबर १८९७ मध्ये चारही बाजू जोडल्या गेल्या. सुमारे २.९ किलोमीटरचा हा आयत ‘लूप’ या नावाने ओळखला जातो, आणि आता तर त्याच्या आतला सगळा व्यापारी भागच लूप म्हणवतो. यर्कीस पुढे लंडनला गेला आणि तिथल्या भुयारी रेल्वेत त्याने हात घातला. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पोलादी टेबलावरचं हलकं घर

लूपच्या सांगाड्याचा आराखडा जॉन अलेक्झांडर लो वॉडेल या पूल बांधणाऱ्या अभियंत्याचा. मुळात तो पूलच आहे, फक्त नदीऐवजी रस्त्यावर टाकलेला. रस्त्यात ठराविक अंतरावर खांबांच्या जोड्या. प्रत्येक जोडीवर आडवा गर्डर. आडव्या गर्डरांवर लांबीच्या दिशेने जाणारे गर्डर, त्यांच्यावर लाकडी स्लीपर आणि स्लीपरवर रूळ. मध्ये खडी नाही, काँक्रीटची लादी नाही. खाली उभं राहून वर पाहिलं तर स्लीपरांच्या फटींतून आकाश दिसतं.

या उघड्या बांधणीचा फायदा वजनात आहे. खडीचं ओझं नाही म्हणून खांब बारीक चालतात, आणि खांब बारीक म्हणजे रस्ता कमी अडतो. बर्फ आणि पाणी साचून राहत नाही. थोडाफार उजेडही खाली झिरपतो. तोटा खालून चालणाऱ्याला सोसावा लागतो. पावसानंतर बराच वेळ पाणी ठिबकत राहतं आणि ट्रेन आली की बोलणं थांबवावं लागतं. खडी असती तर तिने चाकांची थरथर काही प्रमाणात पोटात घेतली असती. इथे ती स्लीपरमधून थेट पोलादात उतरते आणि सगळा सांगाडा ढोलासारखा वाजतो.

कोपऱ्यांवरची कर्कश किंकाळी मात्र वेगळ्या कारणाने येते. लूप रस्त्यांच्या चौकटीत बसवायचा होता, त्यामुळे चौकात गाडीला जवळजवळ काटकोनात वळावं लागतं. वळणाची त्रिज्या अवघी ९० फूट, म्हणजे २७ मीटर. ट्रेनची दोन चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती सारखेच फेरे घेतात. पण काटकोनी वळणावर बाहेरच्या रुळाची लांबी आतल्यापेक्षा सुमारे सव्वादोन मीटरने जास्त भरते. मोटारीत दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी सोय असते, इथे ती नाही. मग हा फरक चाकांनी रुळावर घसरत भरून काढायचा. ही पोलादावर पोलाद घसरण्याची किंकाळी. याच वळणांमुळे शिकागोच्या एलचे डबे आखूड, ४८ फुटांचेच राहिले. लांब डबा वळताना त्याचा मधला भाग आत आणि टोकं बाहेर जास्त झुकतात, आणि इमारती फार दूर नाहीत. आजच्या गाड्या जास्तीत जास्त आठ डब्यांच्या असतात. म्हणजे गाडी ३८४ फुटांची, आणि फलाटही त्या मापाचे.

हवामानाचाही हिशेब ठेवावा लागतो. शिकागोत हिवाळ्यात पारा उणे २५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हाळ्यात ३५ पर्यंत चढतो. या ६० अंशांच्या फरकाने १०० मीटर पोलाद सुमारे ७ सेंटीमीटर लांबतं किंवा आखडतं. त्यासाठी सांगाड्यात जागोजागी सरकते सांधे ठेवावे लागतात.

आता स्टेशन. क्विन्सीचा आराखडा आल्फ्रेड हेडली यांचा. रूळ मध्ये आणि दोन्ही बाजूंना एकेक फलाट, अशी रचना. फलाट मध्ये घ्यायचा तर रूळ एकमेकांपासून लांब न्यावे लागतात आणि रस्त्याच्या रुंदीत ते बसत नाही. बाजूचे फलाट सांगाड्याच्या कडेला जोडता येतात, फुटपाथच्या डोक्यावर. फलाट लाकडी फळ्यांचा आहे, आणि ते केवळ जुन्या काळाचं कौतुक म्हणून नव्हे. फळी हलकी असते, झिजलेली एकेक बदलता येते, आणि फटींतून पाणी निघून जातं.

स्टेशनघराच्या भिंतींवर खोबणीदार अर्धस्तंभ, त्यांच्या माथ्यावर कोरिंथियन, म्हणजे प्राचीन ग्रीक घाटाची पानं, फुलांच्या माळा दिसतात. लांबून वाटतं दगडात कोरलंय. टिचकी मारली तर पत्रा वाजतो. हे सगळं साच्यात दाबून उठवलेलं पत्र्याचं काम आहे, वरून रंग दिलेला. त्याला कारणं दोन. एक, हे घर जमिनीवर उभं नाही, सांगाड्यावर आहे, त्यामुळे दगड-विटांचं वजन परवडत नाही. दुसरं, १८७१ च्या आगीत शिकागोचा मोठा भाग जळून गेला होता, आणि पत्रा लाकडासारखा पेट घेत नाही. नक्षीचा घाट ग्रीक-रोमन का, याचं उत्तर १८९३ च्या प्रदर्शनात सापडतं. तिथल्या पांढऱ्याशुभ्र अभिजात इमारतींनी शहराच्या डोळ्यांना वेड लावलं होतं. रस्ता काळवंडवणाऱ्या लोखंडावर बसवलेला हा शोभिवंत मुखवटा म्हणजे विरोध करणाऱ्या मालकांना दाखवलेलं थोडंसं गोड तोंड असावं, असं मला वाटतं.

मालकांचा सूरही पुढे बदललाच. वॉबॅशवरच्या बड्या दुकानांनी तर स्टेशनापासून थेट आपल्या वरच्या मजल्यात पूल टाकून घेतले. काल जे खिडकीबाहेरचं संकट होतं, ते आता गिऱ्हाईक आणून सोडत होतं.

पाडायचं होतं, राहून गेलं

लूप सुरू झाला तेव्हा दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांना अजून वाफेची इंजिनं होती. १८९८ मध्ये त्याच मार्गावर फ्रँक स्प्रेग यांची पद्धत आली. प्रत्येक डब्याला स्वतःची मोटर, आणि सगळ्या मोटरी पुढच्या डब्यात बसलेल्या एका चालकाच्या हाताखाली. इंजिन बदलण्याची भानगड संपली आणि गाडी भरभर वेग घेऊ लागली. आज जगभरच्या मेट्रो गाड्या या तत्त्वावर चालतात. रुळांशेजारून जाणाऱ्या तिसऱ्या रुळातून त्यांतल्या अनेक गाड्यांना वीज मिळते. शिकागोत ती ६०० व्होल्टची आहे.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनमधले उन्नत मार्ग १९३८ ते १९५५ या काळात जवळपास सगळे पाडले गेले, कारण त्यांच्या जागी भुयारी रेल्वे आली होती. शिकागोतही १९४३ मध्ये स्टेट स्ट्रीटखाली आणि १९५१ मध्ये डिअरबॉर्नखाली भुयारं सुरू झाली, पण लूपचं सगळं काम त्यांना उचलता येण्यासारखं नव्हतं. लूप राहिला, तो लाडका होता म्हणून नाही, नाइलाज होता म्हणून. लोकांच्या नजरेत तो गंजका, गोंगाटी, रस्ता काळा करणारा सांगाडाच होता. ४ फेब्रुवारी १९७७ रोजी लेक आणि वॉबॅशच्या कोपऱ्यावर एक गाडी पुढच्या गाडीवर आदळली आणि तिचे डबे रस्त्यावर कोसळले. ११ जण मेले. फ्रँकलिन स्ट्रीटखाली नवं भुयार काढून लूप पाडायची योजना त्याआधीपासून होतीच. १९७९ मध्ये खर्चाच्या डोंगराखाली ती बारगळली.

त्यानंतर नजर पालटली. जे पाडायचं नाही ते निदान नीट ठेवू, असा विचार पुढे आला आणि क्विन्सीची निवड झाली. माझ्या मते निवडीमागे सरळ कारण होतं. बाकीच्या स्टेशनांवर सुधारणेच्या नावाखाली काही ना काही काढलं, जोडलं गेलं होतं. क्विन्सीकडे फारसं कोणी लक्षच दिलं नव्हतं. दुर्लक्षामुळे मूळ सामान जागेवर राहिलं. १९८५ ते १९८८ या काळात पत्र्याची नक्षी, लाकडी दारं, तिकीटखिडक्या यांची डागडुजी झाली, जुन्या घाटाचे दिवे लावले गेले, आणि भिंतींवर त्या काळातल्या जाहिरातींच्या प्रतिकृती आल्या.

शेजाऱ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. वेल्सवरची मॅडिसन आणि रँडॉल्फ ही दोन्ही स्टेशनं जाऊन १९९५ मध्ये त्यांच्या मधोमध वॉशिंग्टन स्टेशन झालं. वॉबॅशवरही २०१७ मध्ये दोनांचं एक झालं. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मूळ स्टेशनं इतकी जवळजवळ होती की गाडी वेग घेते न घेते तोच ब्रेक लागायचा. आता लूपवर आठ उन्नत स्टेशनं उरली आहेत.

जुनं जपण्याचं एक ओझंही असतं. अपंग व्यक्तींना सार्वजनिक जागा खुल्या असाव्यात असा अमेरिकेचा कायदा १९९० मध्ये झाला, पण क्विन्सीवर लिफ्ट यायला २०१८ उजाडलं. बाजूचे दोन फलाट म्हणजे लिफ्टही दोन लागतात. त्या फुटपाथवर उतरवायच्या आणि नक्षीला धक्का लावायचा नाही. तोपर्यंत चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला या देखण्या स्टेशनाचा उपयोग शून्य होता, हे त्याचं कौतुक करताना विसरू नये.

कोणत्या फलाटावर उभं राहायचं?

क्विन्सी हे युनियन स्टेशन या मोठ्या रेल्वे स्थानकाला सर्वांत जवळचं लूपवरचं स्टेशन. विलिस टॉवर ही ११० मजली इमारतही अगदी जवळ. त्यामुळे नवख्यांची इथे वर्दळ असते, आणि नवखा हमखास गोंधळतो, कारण गोल फिरणाऱ्या मार्गावर ‘उत्तरेला जाणारी गाडी’ या शब्दांवर भरवसा ठेवता येत नाही.

१९१३ मध्ये लूपच्या दोन्ही रुळांवर गाड्या एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायला सुरुवात झाली. १९६९ मध्ये ते बदललं. आता बाहेरच्या रुळावरच्या गाड्या काट्यांच्या उलट फिरतात आणि आतल्या रुळावरच्या काट्यांच्या दिशेने. वेल्स ही लूपची पश्चिम बाजू, म्हणून क्विन्सीचा पश्चिमेकडचा फलाट बाहेरच्या रुळाचा. त्यावर ब्राउन लाइनच (एलचे मार्ग रंगांच्या नावांनी ओळखले जातात) लागते, दक्षिणेला तोंड करून. पूर्वेकडच्या फलाटावर ऑरेंज, पिंक आणि पर्पल, तोंड उत्तरेला.

समजा शहराच्या उत्तर भागात जायचं आहे आणि गाडी ब्राउन हवी आहे. पश्चिमेच्या फलाटावर चढलात तर गाडी आधी दक्षिणेला जाईल, व्हॅन ब्युरेनवर वळेल, वॉबॅशवरून वर येईल, लेक स्ट्रीटवरून पश्चिमेला जाईल आणि तेव्हा कुठे उत्तरेची वाट धरेल. जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा. तीच दिशा पर्पलला पूर्वेच्या फलाटावरून सरळ मिळते, पण लूपपर्यंत ती फक्त कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी येते. मिडवे विमानतळाला जाणारी ऑरेंज पकडणाऱ्यांनाही थोडा फेरा आहेच. गाडी क्विन्सीहून उत्तरेला निघते आणि लेक, वॉबॅश करत मग दक्षिणेला जाते. पिंकचं मात्र इथे बहुतेक फिरणं आटोपलेलं असतं, त्यामुळे पश्चिमेला जाणाऱ्याला ती सोयीची.

वाटेत लेक आणि वेल्सच्या चौकात गाडी दोन-तीन मिनिटं उगाच उभी राहिली तर बिघाड झाला असं समजू नका. तिथे पाच मार्गांच्या गाड्या एकाच पातळीवर एकमेकांचे रूळ ओलांडतात. एकेकाळी हा जगातला सर्वांत गजबजलेला रेल्वे सांधा मानला जायचा. एकावर एक पूल बांधून मार्ग वेगळे करायला त्या चौकात जागा नव्हती, आजही नाही. त्यामुळे सिग्नल मिळेपर्यंत थांबण्यावाचून इलाज नाही.